दहावा शब्द

नावड्याच्या जुन्या गावात ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे आणि त्याच्या समोर माझी पिठाची चक्की. सिनेगॉगची किल्ली एझ्राकाकांकडे. पूर्वी इथे त्यांची वीसेक घरं होती, घरोघरी तेलाचा घाणा. शनिवारी घाणे बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. सगळे गेले, कोणी ठाण्याला, कोणी इस्रायलला. उरले एकटे काका. मूलबाळ नाही. नाओमीकाकूंना जाऊन परवाच्या रविवारी वर्ष झालं.

गेलेल्या माणसासाठी त्यांच्यात कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतात. तिला त्यांच्याच धर्मातले दहा पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. काकू गेल्या तेव्हा दहा जमले नव्हते. वर्षभर काका तेच घेऊन बसलेले. "अभय, तिच्यासाठी एकदा तरी म्हणू दे रे," म्हणायचे.

महिनाभर मीच फोन करकरून डोकं खाल्लं लोकांचं. रविवारी सकाळी ठाण्याची गाडी आली, सात टोप्या खाली उतरल्या. पनवेलचे दोघे आधीच आलेले. मी चक्कीतूनच बोंब ठोकली, "सात आणि दोन नऊ, तुम्ही दहा! काका, जमले!"

"गप बस, मेल्या! माणसं अशी मोजतात का?"

अरे देवा! त्यांच्यात माणसांना आकडा लावत नाहीत. दहा शब्दांची एक ओळ आहे, ती म्हणायची, माणसामागे एक शब्द. मला माहीत होतं की! पण आनंदात जिभेला हाड कुठलं?

काकांनी स्वतःपासून सुरुवात केली. एकेकाकडे बघत नऊ शब्द झाले. समोर शेवटची टोपी.

"आपुन डायवर हाय, काका," तो ओशाळून म्हणाला. "आत जायचं म्हनून टोपी घातली." ठाण्याहून येणाऱ्यांतले एक आजोबा पहाटेच ॲडमिट झाले होते. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी शहाणा टोप्या मोजत बसलो.

"मी उभा राहतो काका," मी म्हटलं.

"राहशील रे. पण ते चालत नाही."

त्या नऊजणांनी स्तोत्रं म्हटली. कद्दिश राहिली. मी चक्की बंद करून दारात उभा होतो. सगळ्यांचा राग आला, सगळ्यात जास्त माझा.

गाडी गेल्यावर काकांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. मग माझ्याकडे आले.

"माझ्या वेळेला तरी दहा आण बाबा."

"आणतो की!" मी म्हटलं. ते गल्लीत वळेपर्यंत तोंड हसरं ठेवलं.

मग मनातल्या मनात माणसं लावून बघितली. ठाण्याचे सहा, पनवेलचे दोन. त्या दिवशी काका थोडेच उभे राहणार आहेत?