उजव्या बाजूची चव

माझ्या बायकोच्या थोरल्या भावांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती गिळली नाही. औषधाची गोळीसुद्धा ते आधी जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि कंपनी बदलल्याचं जाहीर करत. पाणीपुरवठा खात्यात ते कारकून होते. पाण्याशी त्यांचा सरकारी संबंध फायलीपुरताच, पण गावोगावच्या पाण्यावर निकाल देणं हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यांच्या आसगावचं पाणी मनमोकळं, कोंढ्याचं थोडं संशयी आणि भंडाऱ्याचं बदली होऊन आल्यासारखं. एकदा माझ्या बायकोनं एकाच माठातलं पाणी दोन पेल्यांत ओतून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही चाखलं, एक पेला परगावचा ठरवला आणि खरं कळल्यावर शांतपणे म्हणाले, "मंग माठातच काही गडबड हाय."

त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा पोह्यांचा पहिला घास घेऊन ते मुलीच्या आईला म्हणाले, "हे पोहे रडत रडत केलेले दिसतात." त्या बाईंनी फक्त कांदा चिरला होता. पुतण्याचं लग्न पुढे दुसरीकडे जमलं. वहिनींनी मात्र सगळा संसार या परीक्षकासमोर ताट वाढत काढला. "आज मोहरी घाईत होती," असं ते म्हणाले की वहिनी उत्तर देत, "मोहरी नाही, मी घाईत होती."

दारू ते फार कमी पीत आणि तिच्याबद्दल फार बोलत. शनिवारी संध्याकाळी ओसरीवर एक लहानसा पेला घेऊन बसत, तो संपेपर्यंत जेवणाची वेळ होई. मोहाच्या दारूपासून लग्नात फुकट मिळालेल्या इंग्रजीपर्यंत सगळ्यांना त्यांनी स्वभाव वाटून दिले होते. महागड्या बाटल्यांचं त्यांना कौतुक नव्हतं. म्हणायचे, "महाग असंन तं चांगली रायतेच. स्वस्तातली चांगली शोधाले अक्कल लागते." आणि हाच माणूस सकाळपासून डाव्या गालात खर्रा धरून असे. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा जिभेला काय करत असेल, हे मी विचारलं की म्हणत, "खर्रा चाखाले नसते भाऊजी, सोबतीले असते."

त्या सोबतीनं व्हायचं ते केलं. धान कापणीला आलं त्या सुमारास त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला फोड आली आणि ती बरी होईना. नागपूरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि कर्करोग असल्याचं सांगितलं. जिभेचा डावा भाग काढावा लागेल, तिथे हाताची कातडी लावता येईल, उशीर करू नका. घरी पोचल्यावर ते म्हणाले, ऑपरेशन करायचं नाही. वहिनी रडल्या, माझी बायको भांडली. मला ते म्हणाले, "भाऊजी, पाय कापतो म्हटलं असतं तं मी हो म्हटलं असतं. जीभ गेल्यावर घरात जो माणूस रायल, तो कोण?"

त्यांची मुलगी पुण्याहून सुट्टी काढून आली. आजार कळण्याआधी ती कामानिमित्त परदेशी गेली होती आणि येताना विमानतळावरून बापासाठी एक जपानी व्हिस्की घेऊन आली होती. दुकानातली सगळ्यात स्वस्त, चार ठिकाणची दारू एकत्र करून बनवलेली. आता ती बाहेर काढावी की नाही, या विचारात बिचारीनं ती कपड्यांखाली दडवली होती. पण यांनी बॅगेतून डोकावणारं बूच पाहिलंच. डॉक्टरांनी दारूला सक्त मनाई केली होती. वहिनी म्हणाल्या, "आता हेच रायलं होतं." तरीही संध्याकाळी ओसरीवर दोन पेले आले, एक त्यांना आणि एक मला.

पहिला घोट त्यांनी सवयीनं तोंडभर फिरवला. दारू फोडीला लागली. खुर्चीच्या हाताभोवती त्यांची बोटं आवळली, डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी पेला घ्यायला पुढे झाली, तर त्यांनी तो बाजूला केला. मग कानात पाणी गेल्यासारखी मान उजवीकडे झुकवली आणि दुसरा घोट त्याच गालात धरला. मला ती इतर व्हिस्कीसारखीच लागली, किंचित गोड. ते डोळे मिटून थांबून थांबून म्हणाले, "आधी मध. मंग ओलं लाकूड. मांगून नव्या तांदळाची पेज." थोड्या वेळानं म्हणाले, "चार जागची हाय, पण कोणीच मोठ्यानं बोलून नाही रायलं."

मग मुलीला विचारलं, "डाक्टर डावीच बाजू काढते ना?"

"हो बाबा."

"उजवी रायते?"

"राहते."

त्यांनी आणखी एक घोट उजव्या गालात घेतला. आपली चूक होत नाही ना, हे आयुष्यात पहिल्यांदाच तपासत असल्यासारखा. "उजवीनं लागून रायली," ते म्हणाले. "उद्या डाक्टरले फोन कर." दारात उभ्या असलेल्या वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. बोलणं मात्र इतकं बोबडं झालं की ते फक्त वहिनींना कळे. नंतर किरणांचा शेक द्यावा लागला आणि त्यानं उरलेल्या बाजूचीही चव नेली. काही महिन्यांनी थोडी परत येते, असं डॉक्टर म्हणाले. तोवर ते वाटीतलं पातळ जेवण चमच्यानं संपवत आणि वाटी खाली ठेवत. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "मीठ टाकाचं भुललं तरी वाटी रिकामीच येते व. मले आता सैपाकात उभंच राहावत नाही."

चव परत यायच्या आत मानेत गाठ आली, आणि उन्हाळ्यात ते गेले. मुलगी अजून म्हणते, उजवी राहील असं मीच सांगितलं होतं. वहिनी तिला जवळ घेतात आणि म्हणतात, "त्याइनं चाखून हो म्हटलं होतं बाई. तुह्या सांगण्यावर नाही."

आमच्याकडे हल्ली मी पहिला घास घेतला की बायको माझ्याकडे पाहत उभी राहते. मी म्हणतो, भाजी चांगली झाली. खरंच चांगली झालेली असते. ती आणखी थोडा वेळ थांबते, आणि मग पोळी आणायला आत जाते.