धुराच्या चवीची स्कॉच

टिंक्चर आयोडीनचा वास आला की साहेबांचा नोएडातला तो कोरा फ्लॅट आठवतो. ऑफिसातल्या आम्हा तिघा मराठी माणसांना बोलावून त्यांनी खास परदेशातून आणलेली सिंगल माल्ट उघडली होती; चाखायची आणि दहापैकी मार्क द्यायचे. पहिल्या घोटालाच धूर आणि दवाखाना. शेजारचा कुजबुजला, "यार, बनावट तर नाही? असल्या दारूने डोळे जातात." मी हसून गिळली, आणि सगळं काळं झालं. मी बोटं नाकासमोर धरली; दिसेनात. मग अंधारातून साहेबांचाच कापरा आवाज आला, "लाइट गेलीय ना... सगळ्यांचीच?" आजही मित्र डोळे मिटून चव घेतात, मी दिव्याकडे बघत घोट घेतो.