कूस म्हणजे बरगडीखालची

माझ्या थोरल्या जावेच्या डाव्या बरगडीखाली दुखतं. वाक्य इतकं सरळ आहे की समजायला कुणाला अडचण येऊ नये. आमच्या वडीगोद्रीत, आमच्याच घरात ते समजायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षात माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

जावेचं नाव दैवशाला. मी तिला अक्का म्हणते. थोरले दीर बद्रीनाथ शेती बघतात, पण हायवेच्या कडेची पिठाची गिरणी अक्काची आहे. वीज आली की ती गिरणीत आणि वीज गेली की घरात, असा तिचा दिवस. दळणाचा भरलेला डबा खांद्याच्या वर उचलून गिरणीच्या तोंडात ओतायचा, खाली पीठ धरायचं, आणि हे चालू असताना आलेल्या बाईची थट्टाही करायची. "काय गं, ज्वारी शेतातून आणली का खडी मशीनवरून?" असं ती विचारते. बाया हसतात आणि पुढच्या वेळी ज्वारी निवडून आणतात. मी डी.एड. केलं, पण नोकरी लागली नाही ती नाहीच. माझ्यापेक्षा जास्त शिस्त अक्का लोकांना गिरणीत लावते.

अक्काला मूलबाळ नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

मागच्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा म्हणाली, "कुशीत कायतरी हुऊन राह्यलं." मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, "दुखतंय असं बी न्हाई. डब्यात पीठ दाबून भरल्यावर झाकण कसं वर येतं, तसं आतून बरकडीला लागून राह्यलं." बसलं की जास्त, उभं राहिलं की कमी, जेवलं की पुन्हा जास्त. कधी दिवसभर काहीच नाही, आणि मग दळण ओतता ओतता एकदम हात कमरेवर जायचा.

तिनं आपल्या परीनं त्याच्याशी जमवून घेतलं. भाकरी अर्धी केली. डाव्या अंगावर झोपणं सोडलं. डबा उजव्या खांद्यावर घ्यायला लागली. ओवा आणि काळं मीठ गिरणीच्या खिडकीत ठेवलं. जुनी सुती ओढणी बरगडीखाली घट्ट बांधून बघितली, त्यानं बरं वाटेना म्हणून सोडली. गावातल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी गॅस गेला असेल, दुखणं जागेवरच राहिलं.

आणि मग तो शब्द गावात फिरला.

आमच्याकडे कूस म्हणजे अंगाची बाजू, बरगडी संपते तिथून कमरेपर्यंतची. माणूस या कुशीवरून त्या कुशीवर होतो, ती. सालदाराच्या कुशीत दुखलं तर सगळे म्हणतात, पोतं वेडंवाकडं उचललं असेल. पण बिनलेकराच्या बाईनं तोच शब्द काढला की तो शब्द घसरत खाली जातो आणि पोटात जाऊन बसतो. शेजारच्या कांताबाई दळण घेऊन आल्या, अक्कानं बाजूला हात दाबून धरलेला बघितला, काय झालं म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, "कुशीत दुखतंय हो." कांताबाईंचे डोळे भरून आले. घरी जाऊन त्यांनी आठ घरांत सांगितलं की दैवशालाची कूस रडून राह्यली.

बस, तिथून पुढे कुणीही अक्काला दुखतंय कुठे हे विचारलं नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे सगुणाबाईंना, आम्ही आत्याबाई म्हणतो. बाई वाईट नाही, पण एकदा समजूत करून घेतली की ती काढायला जेसीबी लागतो. त्या अक्काला समोर बसवून म्हणायच्या, "मनाला लावून घेऊ न्हाई, बाई. ज्याचं त्याचं नशीब." अक्का "आत्याबाई, मनाला न्हाई, हितं लागून राह्यलं," म्हणाली की आत्याबाई पदरानं डोळे पुसायच्या. दिरांचं वेगळंच. ते बिचारे अपराधी तोंड करून शेतात निघून जायचे, जणू बरगडीखाली त्यांनीच काहीतरी ठेवलंय. मला या सगळ्यांचा इतका राग यायचा की भांडी घासताना ताटं आपटायची.

घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो, म्हणून जालन्याला डॉक्टरकडे अक्काबरोबर मीच गेले. दवाखाना चकाचक होता. डॉक्टर तरुण, बाहेरगावचे, बोलणं अगदी पुस्तकी. त्यांनी विचारलं काय होतंय. अक्का म्हणाली, "डाव्या कुशीत दुखतंय." त्यांनी पेन थांबवलं. "मुलं किती?" अक्का म्हणाली, "न्हाईत." त्यांनी "अच्छा" म्हटलं आणि खाली मान घालून भराभरा लिहायला लागले. मी वाचलं तर बायकांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी आणि गर्भपिशवीची सोनोग्राफी. मी म्हटलं, "डॉक्टर, कूस म्हणजे ती नाही. बरगडीखाली दुखतंय त्यांना." ते शांतपणे म्हणाले, "ताई, पेशंटला बोलू द्या."

पेशंट बोलली होतीच की. तिनं जे सांगितलं ते न ऐकता दुसरंच ऐकलं, त्याला कोण काय करणार.

गर्भपिशवी व्यवस्थित निघाली. मी परत मागे लागले, तेव्हा पोटाची सोनोग्राफी झाली, छातीचा फोटो झाला, हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासलं, शेवटी तोंडातून नळी घालून जठरही बघितलं. सगळे कागद मी वाचले. सगळीकडे नॉर्मल. डॉक्टर हसून म्हणाले, "अभिनंदन, काही नाहीये तुम्हाला. थोडा ताण घेताय. घरात काही चिंता?" आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला कळलं, कांताबाई आणि हे एकाच गावचे.

एस.टी.त अक्का खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "काई न्हाई म्हन्ते. मंग हे दुखून राह्यलं ते कोनाचं हाय?" तिला औषध हवं होतंच, पण त्याच्या आधी तिला एवढंच हवं होतं की एका तरी माणसानं म्हणावं, होय बाई, तुझ्या बरगडीखाली दुखतंय. यात मागण्यासारखं जास्त काय होतं हे मला आजही कळत नाही.

घरी सगळे वाट बघत होते. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर आत्याबाईंनी मान डोलावली. "मी म्हनलं नव्हतं? मशिनीत दिसत न्हाई ते दुखनं." आणि त्या दिवसापासून त्यांनी त्यावरचा उपाय शोधायला सुरुवात केली.

तो उपाय म्हणजे माझी धाकटी मुलगी.

मला दोन मुली. धाकटी ईश्वरी, चार वर्षांची. आत्याबाईंनी ठरवलं की पाडव्याला ईश्वरीला दैवशालाच्या ओटीत घालायचं. लेकरू मांडीवर आलं की कूस शांत होईल, आणि कूस शांत झाली की दुखणं जाईल. मला विचारलं नाही, सांगितलं. माझे मालक राधेश्याम हायवेवर टायरचं दुकान चालवतात. त्यांच्याकडे बघितलं तर ते म्हणाले, "एकच अंगण हाय. पोरगी कुठं परगावी चालली?" म्हणजे गोळी लागू पडली नाही म्हणून आता पोरगी द्यायची. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. मी त्या दिवशी घरात कुणाशी बोलले नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, त्याचा आणखी राग आला.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ईश्वरी तशीही दिवसभर अक्काच्या मागे असते. गिरणीतून येते तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी झालेली असते. अक्का तिच्यासाठी जीव टाकते. उद्या सगळ्यांसमोर अक्का एकदा "बरं" म्हणाली, तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? मी अक्काला विचारायला दोनदा गिरणीत गेले आणि दोन्ही वेळा दळण घेऊन परत आले.

पाडव्याला गुढी उभी राहिली, पुरण झालं. चुलत घरचे चार लोक बोलावले होते, कांताबाई न बोलावता आल्या होत्या. ईश्वरीला नवा फ्रॉक घातला होता. ताटात नारळ, गहू, खण. अक्काला पाटावर बसवलं. खाली बसलं की तिला जास्त होतं, त्यामुळे बसता बसता तिचा हात डाव्या बाजूला गेला आणि तोंड आवळलं गेलं.

आत्याबाईंनी ते बघितलं. "बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "लेकराचं नाव काढल्याबराबर कुशीत कळ आली माझ्या लेकीच्या."

कांताबाईंनी नाक ओढलं. मी ईश्वरीचा हात इतका घट्ट धरला की ती कुरकुरली.

अक्कानं ताट बाजूला सरकवलं. आवाज चढवला नाही. गिरणीत पीठ कमी भरलं म्हणून तक्रार करणाऱ्या बाईला समजावून सांगावं, तशी ती बोलली.

"आत्याबाई, लेकरू न्हाई म्हनून मी लई रडले. दळन चालू असलं की रडून घ्यायचे, गिरनीच्या आवाजात कुनाला ऐकू जायचं न्हाई. तव्हा मला कुनी डाक्टरकडं नेलं न्हाई. कुनी ईचारलं न्हाई, बाई, तुला कुठं दुखतंय. ते दुखनं माझं मीच सोसलं आन् ते सरलं. बिलकुल सरलं. आता बरकडीखाली दुखून राह्यलं, तर तुम्ही सगळे ते जुनं दुखनं घिऊन आलेत. आता मी त्याचं काय करू?"

दीर उंबऱ्यात उभे होते, ते खाली बघायला लागले.

"ही पोरगी औषध न्हाई," अक्का म्हणाली. "ती तिच्या आईची हाय आन् माझ्याकडं येती. तेवढं बराबर हाय." मग ती दोन्ही हात टेकून उठली, कारण बसवत नव्हतं, आणि पुरणाच्या पोळ्या लाटायला आत गेली. मी ईश्वरीला तिथेच सोडून तिच्या मागे गेले. मला रडू आलं होतं, आणि इतक्या दिवसांचा राग होता तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी पोळपाट ओढून घेतला आणि तिला म्हटलं, तू उभीच राहा, मी लाटते.

दुखणं गेलेलं नाही. गेलं असतं तर आत्याबाईंना सांगायला सोपं झालं असतं. पाडव्यानंतर मी तिला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं, वयस्कर होते. यावेळी अक्कानं कूस हा शब्दच काढला नाही. बरगडीवर बोट ठेवून म्हणाली, "हितं." त्यांनी दाबून बघितलं, कुशीवर वळवून बघितलं, सगळे कागद वाचले आणि म्हणाले, "दुखतंय हे खरं. का दुखतंय ते मला कळत नाही." एक मलम दिलं, काही दिवस डबा उचलू नका म्हणाले, आणि महिन्यानं परत बोलावलं. बाहेर आल्यावर अक्का एवढी खुश झाली की तिनं स्टँडवर मला उसाचा रस पाजला. मला वाटलं होतं ती निराश होईल. ती म्हणाली, "त्याला कळत न्हाई, पर दुखतंय तर म्हनला."

आता दळणाचे डबे दीर उचलतात. सकाळी शेतात जायच्या आधी येतात, ओततात, पीठ अंगावर घेतात आणि बायांची थट्टा ऐकून घेतात. आत्याबाई मात्र पाडव्यापासून फुगून होत्या. जेवायला बसायच्या, अक्काशी बोलायच्या नाहीत. अक्कानंही मनवलं नाही.

परवा दुपारी वीज गेली म्हणून अक्का घरात येऊन भिंतीला टेकून उभी होती. आत्याबाई चुलीपाशी काहीतरी करत होत्या. थोड्या वेळानं त्या एक फडक्याचं गाठोडं घेऊन आल्या. आत तव्यावर भाजलेला गव्हाचा कोंडा आणि मीठ. त्यांनी अक्काचा पदर बाजूला केला आणि गाठोडं कमरेच्या वर, पोटाशी लावलं.

"हितं?"

"न्हाई. वर."

आत्याबाईंनी हात थोडा सरकवला. "हितं?"

"आनखी वर. बरकडीच्या खाली."

गाठोडं बरगडीखाली पोचलं. अक्कानं डोळे मिटले. आत्याबाई गाठोडं धरून उभ्या राहिल्या, आणि मग जराशा चिडूनच म्हणाल्या, "हितं दुखतंय व्हय? मंग तसं सांगायचं न्हाई का?"

"वरीस झालं," अक्का म्हणाली, "तेच सांगून राह्यले."