बिनआवाजाचा कॉम्प्युटर

रायपूरजवळच्या कोहक्यातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकू कुणाच्याच घरी बसत नसत. बारसं असो की वाढदिवस, त्या दारातच उभ्या राहत, कान स्वतःच्या घराकडे. काका पूर्वी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. लकवा मारला तेव्हापासून पलंगावर होते. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. हाक मारली आणि काकू दिसल्या नाहीत, की काका घाबरून रडू लागत. म्हणून काकू भाजीसुद्धा दारावरच घेत.

एकदा मला म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरचं शिकून राहिली ना? मले गेम खेळाचा कॉम्प्युटर बनवून दे."

मला वाटलं, नातवासाठी.

"नातवाले कायले? मले पाह्यजे. तुह्या भावाच्या गेममधला तो मानूस डोंगरावर चालते ना, तसं चालाचं आहे मले. मारामारी नको. फक्त चालाचं."

ब्लाउज शिवून त्यांनी थोडे पैसे साठवले होते. त्यात बसेल असा एकेक भाग मी शोधू लागले. प्रोसेसर आणि रॅम त्यांनी माझ्यावर सोडली. बाकी प्रत्येक वस्तूला त्यांचा एकच प्रश्न: "आवाज किती करते?" मी जुनं पण दणकट ग्राफिक्स कार्ड सुचवलं. त्याचे पंखे घरघरतात हे कळताच त्यांनी ते नाकारलं. "तुह्या काकाची झोप मोडली का माहं चालनं बंद. ताकद कमी असली तरी चालते, चूप बसनारं पाह्यजे." रंगीत दिव्यांचं कॅबिनेटही नको, उजेड काकांच्या डोळ्यांवर येईल.

सुपेल्याच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानात मी एकटीच गेले. काकू व्हिडिओ कॉलवर. "भैया, जरा पंखे के पास फोन रखो," त्या दुकानदाराला म्हणाल्या. त्याने हसत कार्ड सुरू केलं. काकूंनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "नको. दुसरं." मग आणखी एक. अखेर एका लहानशा कार्डाला त्यांनी मान डोलावली. दुकानदाराचं हसणं तोवर थांबलं होतं.

दुपारी काका झोपले की काकू हेडफोन एकाच कानाला लावून बसत. आधी भिंतींना धडकल्या, नदीत पडल्या. मग जमलं. पाऊलवाटेने चढत एका कड्यावर जाऊन नुसत्या उभ्या राहत. "इथं मले कोनी आवाज देत नाही," म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका सैल मी कधी पाहिला नव्हता.

एका दुपारी मी तिथे असतानाच काका लवकर जागे झाले. हाक न मारता पडद्याकडे पाहत राहिले. मग जड जिभेने म्हणाले, "कुठं... चालली?"

काकू दचकल्या. "वरतं."

"मले बी... ने."

काकूंनी हेडफोन काढला आणि मॉनिटर पलंगाकडे वळवला.

मला रायपूरला नोकरी लागली, तेव्हा निरोप घ्यायला गेले. काका उशीला टेकून बसले होते, डोळ्यांत चमक. "उजवीकडं... तिकडं नाही... पुलावर घे." काकू ते सांगतील तिकडे चालत होत्या.

मला सोडायला त्या दारापर्यंत आल्या. "काका किती बरे दिसतात आता," मी म्हटलं.

"हो ना. जेवन बी जाते चांगलं." त्यांनी पदराला हात पुसले, हात कोरडेच होते. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिथंबी आले न हे, बाई."

आतून हाक आली, "अवं... थांबली कायले?"

"आली," म्हणाल्या आणि आत गेल्या.