फ्रान्सची बाग आणि औषधाचं गोडाऊन

रविवारी सकाळी, मुलुंडच्या आमच्या घरात, मी आण्णांच्या हातातून एक पुस्तिका हिसकावून घेतली. सख्ख्या वडिलांच्या हातातून… तेही त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले असताना.

"डोळ्यांना ताण नको," मी म्हणालो. 

"आरं, चित्रं बघतोय नुसती. द्राक्षबागच हाय न्हवं?" एवढंच बोलून ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

पुस्तिका फ्रान्समधल्या एका वाईन इस्टेटची होती. अंधेरीत परदेशी वाईनचं गोडाऊन आहे, तिथे बाटल्यांवर इथल्या किमतीचे स्टिकर लावून घ्यायचं काम मी बारा वर्षं बघतोय. नवा माल आला तेव्हा साहेबांनी ती सगळ्यांना वाटली. पहिल्याच पानावर छाटलेले वेल दिसले आणि मला आण्णा आठवले… त्यांनी जन्मभर तासगावकडे लोकांच्या बागा छाटल्या. म्हणून घरी आणली.

पण शेवटच्या पानांवर बाटल्या होत्या, हे त्यांनी पानं उलटायला घेतल्यावर आठवलं. आणि आण्णांना मी सांगून ठेवलं होतं, की आमचं औषधाचं गोडाऊन आहे.

ते माळकरी. नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "खोक्यात काय असतंय रं?" आणि माझ्या तोंडून 'औषध' निघून गेलं. माळ माझ्याही गळ्यात आहे. वाईनचा थेंब कधी चाखला नाही, याचंच मला इतकी वर्षं मोठं कौतुक होतं…

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण वर बघवेना. पुस्तिका आण्णांना परत दिली. शेजारी बसलो आणि अडखळत का होईना, इंग्रजीतलं मराठीत सांगू लागलो.

एकाच घराण्याच्या सात पिढ्या. मध्ये कधीतरी मुळांना कीड लागली आणि अख्खी बाग वाळली. मग दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलमं बांधून त्यांनी ती पुन्हा उभी केली. आण्णा सरसावून बसले. "आपल्याकडं बी खुंटावरच कलम असतंय की! आन् मांडव न्हाई व्हय रं? वेल गुडघ्याएवढंच?"

तिकडे वर्षातून एकच छाटणी, तीही कडाक्याच्या थंडीत, हे ऐकून तर ते हसलेच. "एकच? आपल्याकडं दोन असत्यात! मग बाकीचं वरीस काय पत्ते कुटत्यात?"

पुढचं पान उलटलं. हौद, लाकडी पिंपं… इथे थांबता आलं असतं. डोळ्यात औषध घालायची वेळही झाली होती.

"आण्णा, या द्राक्षांची वाईन करतात. पिंपात मुरवतात. आमच्या गोडाऊनला तीच येते. औषध नाही… कधीच नव्हतं."

ते बराच वेळ पानावरून बोट फिरवत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "गावाकडं देवळात सगळ्यास्नी सांगत आलोय मी," ते हळू म्हणाले, "माझ्या पोराच्या हातनं माणसं बरी हुत्यात म्हणून. आता काय सांगू त्यास्नी?"

पुढचे दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मी थेंब घालायचो तेव्हा ते डोळा नीट उघडा धरायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत.

काल सकाळी गावाहून शिवातात्यांचा फोन आला. भजनातले आण्णांचे जोडीदार. आण्णा फोन स्पीकरवरच ठेवतात. "काय गड्या, डोळा काय म्हणतोय? तुला रं काय घोर, पोरगंच औषधवालं! माझ्या गुडघ्यावर बी एखादी गोळी धाडाय सांग की त्याला!"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं… रविवारनंतर पहिल्यांदाच.

या वेळी मी हिसकावलं नाही. हात पुढे केला, आणि त्यांनीच फोन माझ्या हातावर ठेवला.

"तात्या, दत्तू बोलतोय. आण्णा तुम्हाला सांगत आले ते खोटं होतं, आणि ते खोटं मी त्यांना सांगितलं होतं. मी वाईनच्या गोडाऊनला कामाला आहे. आज भजनाला जमाल, तेव्हा सगळ्यांना माझं नाव घेऊन सांगा."