पुढं बारीक, मागं रुंद

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात. आज मी घेणार, कारण आज माझं डोकं फिरलंय. बजरंग. नांदूरघाटच्या सुंदररावांचा डायव्हर. सासऱ्यांनी जन्मभर मेंढरं राखली, ह्यांनी नेत्याच्या गाड्या राखल्या, आन् दोघांच्या तोंडात एकच शब्द, हो. आबा म्हणजे सुंदरराव. ते म्हणाले दिवाळीत घरी जाऊ नको, तर हो. त्यांचा लेक विजयसिंह म्हणाला गाडी मी ठोकली पण तुमी ठोकली म्हणून सांगा, तरी हो. मी म्हणायचे, देवानं जीभ काय तंबाखू सारायला दिली का? नुसते हसायचे. त्या हसण्याचा लई राग यायचा मला.

विजयसिंहाच्या लग्नासाठी आबांनी पुण्याहून स्पोर्ट्स कार आणली. लाल, बुटकी, जमिनीला टेकलेली. तिचे मागचे टायर रुंद आन् पुढचे त्यापेक्षा बारीक. गाडीचा सगळा जोर मागच्या चाकांवर, म्हणून कंपनीनंच तसं केलेलं. दाराच्या कडेला टायरच्या रुंदीचे आकडेबी चिकटवून ठेवलेले, पुढं दोनशे पंचावन्न, मागं दोनशे पंच्याऐंशी. पोरानं दोस्तांपुढं गाडी जागच्या जागी घुमवून, धूर काढून मागचे टायर खाऊन टाकले. पुढचेबी उतरत आलते. मग चारी नवे टाकायचं ठरलं.

आबांनी गाडीभवती एक चक्कर मारली आन् म्हणाले, पुढं लहान, मागं मोठं, हे तर टॅक्टर झालं. सुनंला काय टॅक्टरात आणू? चारीबी मोठेच टाका. ह्यांनी सांगून पाहिलं की आबा, पुढं तेवढी जागा न्हाई. आबांनी इचारलं, गाडी कुणाची हाय? झालं, विषय संपला. मांजरसुंब्याच्या टायरवाल्यानं नको नको म्हणत शेवटी टाकूनच दिले. नेत्याला न्हाई कोण म्हणणार?

येताना ष्टेरिंग पुरं फिरवलं की पुढचा टायर आतून घासायला लागला. संध्याकाळी ह्यांनी तळहातावर रबराचा भुगा आणून मला दाखवला. मी भडकले. म्हणलं, हे मला का म्हणून दाखवता? ज्याला दाखवायचं त्याला दाखवा की. दुसऱ्या दिवशी दाखवला. आबांनी तो तळहातावरून फुंकून टाकला.

लग्न बीडला झालं. परतीचा रस्ता मांजरसुंब्याच्या घाटातून, आन् गाडी नवरदेव स्वतः चालवणार. फुलं लावलेल्या गाडीपाशी सगळे जमले. विजयसिंहानं किल्लीसाठी हात पुढं केला, पण ह्यांची मूठ काही उघडंना. नवरी राजनंदिनी दारापाशी उभी होती. तिनं ह्यांच्याकडं बघितलं.

"काका, काय झालं?"

मी मागं बायकांत उभी होते. मनात म्हणलं, बजरंग, आता जर 'काही न्हाई' म्हणलास तर मी तुझं तोंड बघणार न्हाई.

"ताईसाहेब, ह्या गाडीत बसू नका. पुढचा टायर घासून आतून कापला जातोय. घाटातल्या वळणावर फुटंल."

एवढं माणूस जमलेलं, पण एकानंबी वाकून चाक बघितलं न्हाई. सगळे आबांचं तोंड बघत होते. राजनंदिनीनं दारावरचा हात काढला, शालू आवरला आन् जाऊन तिच्या मामांच्या जीपमधी बसली. नवरदेव मुकाट तिच्या मागं गेला. आबांनी ह्यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

आज सकाळी आबांचा कारभारी बद्रीनाथ घरी आला. म्हणाला, आबांचं मन मोठं हाय. चारचौघांत पाय धर आन् ये कामाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हे आता हो म्हणणार.

"टायर बदलले का?" ह्यांनी इचारलं.

बद्रीनाथ म्हणाला, न्हाई, आबांना तेच आवडतात.

"मग न्हाई येत."

बद्रीनाथ तरीबी उठंना, चहाची वाट बघत बसला. मी आत जाऊन चहा टाकला, एकच कप. तो त्याच्या नाकाखालून नेला आन् बजरंगच्या हातात दिला.