बाबा बाहेर होते आणि दार बंद होतं

मंडळी, आजचं आजच लिहिते.

आज बाबा आणि मी एसटीने भोरला गेलो. तिथली जुनी देवळं पायी बघायची आणि घरून नेलेली पोळीभाजी खायची, एवढाच बेत. दुपारी गावाबाहेरच्या एका महादेवाच्या देवळात पोचलो. मी गाभाऱ्यात गेले. बाबा बाहेर कुंडावर पाय धूत होते.

तेवढ्यात शिखरावरचं आग्यामोहोळ उठलं. बाहेर फुलं विकणाऱ्या आजी नातीला घेऊन आत धावल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"आजी, दार उघडा. माझे बाबा बाहेर आहेत."

"न्हाई उघडायचं. माश्या आत शिरल्या तर ही पोर जगायची न्हाई."

बाहेर नुसता घोंघाट. मी बाबांना हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. मी कडीला हात घातला, तर आजींनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. आम्ही दोघीही रडत होतो, पण त्यांनी सोडलं नाही.

आवाज निवल्यावर दार उघडलं. बाबा कुंडात गळ्यापर्यंत बुडून, डोक्यावर ओला पंचा घेऊन बसले होते. चेहरा सुजला होता. भोरच्या दवाखान्यात काटे काढले, इंजेक्शन दिलं. आता धोका नाही.

मघाशी ते म्हणाले, "दार उघडलं नाहीस ते बरं केलंस. आत ती पोर होती ना."

मी नुसती मान हलवली. मी उघडणारच होते, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

तुम्ही काय केलं असतंत?